तिसऱ्या वळणावरची म्हातारी

लोक मला म्हणतात, "मजाच आहे बाई तुमची, रोज पार्कात!" बसमध्ये म्हणतात, वाण्याच्या दुकानात म्हणतात. परवा दाताच्या डॉक्टरनंही तेच विचारलं, माझ्या तोंडात चिमटा असताना. आता तोंडात चिमटा असताना माणूस काय उत्तर देणार? मी मान हलवली.

मजा म्हणजे काय ती ऐका. सकाळी नऊ ते संध्याकाळी सहा मी एका काचेच्या खोलीत बसते. समोर आठ पडदे असतात आणि मी होड्या मोजते. आमच्या राइडचं नाव 'चांदण्यांची गुहा'. चौदा होड्या, एका होडीत सहा माणसं, साडेचार मिनिटांची फेरी. होडी अंधारात शिरते, वर चांदण्या लुकलुकतात, एक देवमासा फुस्स करतो, डोंगर येतात, दऱ्या येतात, आणि शेवटी उजेड. सोबत एक धून वाजते. ती धून मी दिवसातून शंभरदा ऐकते. ती ज्यानं बांधली तो माणूस मला भेटला तर मी त्याला नमस्कार न करता सरळ जाब विचारीन.

आणि सवयी लागतात त्या वेगळ्याच. मावसभावाच्या लग्नात मी दाराशी उभी राहून पाहुण्यांना सहा-सहा करून आत सोडलं. बसमध्ये बसले की शेजारच्या अनोळखी बाईला "हात आत घ्या" म्हणते. मावशीनं तर आधीच सांगितलं होतं. मी वकिलाकडची टायपिंगची नोकरी सोडून इथं अर्ज केला तेव्हा ती म्हणाली, "दुरून डोंगर साजरे असतात, बयो. जवळ जाशील आणि दगड मोजत बसशील." मी तेव्हा तिच्यावर केवढी भडकले होते! आता दगडच मोजते म्हणा, तेही प्लायवूडचे.

एक गोष्ट मात्र आधीच सांगून ठेवते, कारण सगळं रामायण तिच्यावरच घडलं. गुहेत पाण्याच्या कडेनं वीतभर रुंदीची एक पिवळी पट्टी आहे. तिच्यावर कोणाचाही पाय पडला की सगळ्या होड्या जागच्या जागी थांबतात आणि आतले सगळे दिवे लागतात. कोणी होडीतून उतरून भलतीकडे चालायला लागलं तर चेंगरू नये म्हणून केलेली सोय आहे ती. पण दिवे लागले की गुहा संपली. डोंगरांच्या पाठीमागच्या फळ्या दिसतात, फळ्यांवर खडूनं लिहिलेले आकडे दिसतात, देवमाशाच्या पोटातली ताडपत्री दिसते. मग लोक "अरेरे" म्हणतात, पोरं रडतात आणि मला रिपोर्ट लिहावा लागतो. झाडलोट करणारे, बल्ब बदलणारे, सगळे नवीन असताना एकदा तरी त्या पट्टीवर पाय देतातच. आणि मी लाउडस्पीकरवरून ओरडते, "कुठल्या गाढवानं पट्टीवर पाय ठेवला?" पाठीमागे सगळे मला पट्टीताई म्हणतात. मला माहीत आहे. म्हणोत.

पण ही गुहा माझी नोकरी व्हायच्या आधी माझी होती. वर्षातून एकदा, शाळा सुरू व्हायच्या आधीच्या रविवारी, बाबा आम्हाला पार्कात आणायचे. मी सात वर्षांची होते तेव्हा पहिल्यांदा बाबांबरोबर गुहेच्या रांगेत उभी राहिले. दाराशी भिंतीवर उंचीची रेघ असते. धाकटा भाऊ त्या रेघेच्या खाली होता, त्यामुळे आई त्याला घेऊन बाहेरच्या बाकावर बसली. पिशव्या, पाण्याच्या बाटल्या, सगळ्यांच्या चपला, सगळं तिच्यापाशी. पुढे धाकटा रेघेच्या वर गेला, पण तोवर आईला बाकाची सवय झाली होती. "मला नको गं, मला गरगरतं. तू बघून ये आणि मला सांग."

आता खरं सांगते. पहिल्या वळणावर अंधारात तो देवमासा फुस्स करून अंगावर आला आणि मी डोळे मिटले. असे गच्च मिटले की पापण्यांवर ऊन लागेपर्यंत उघडलेच नाहीत. बाहेर आले तर आई बाकावरून उठून उभी. "काय काय होतं गं आत?"

काय सांगणार? मी घरातली तोंडाळ पोर, शेजारच्या कुत्र्याला दम देणारी. मी घाबरले हे सांगायची सोयच नव्हती. डोळे मिटलेले असताना मला एकच गोष्ट नीट ऐकू आली होती. पाण्यात काहीतरी पडल्याचा आवाज, टुप्. मग मी त्या टुप्-लाच धरलं. म्हटलं, "आत ना, एक म्हातारी आहे. तिसऱ्या वळणावर. शिडीवर चढून ती एकेक चांदणी लावते. पण तिचे हात थरथरतात ना, म्हणून दर वेळी एक चांदणी खाली पडते. टुप्!"

आईनं आ वासला. "एकटीच असते?"

"एकटीच."

"आणि स्वेटर आहे का तिला? आत गार असेल."

झालं. पुढच्या वर्षी मी ठरवून गेले होते की डोळे उघडे ठेवायचे. देवमाशाला मी तेव्हा घाबरत नव्हते. पण तिसरं वळण जवळ आलं आणि मला वाटलं, म्हातारी नसली तर? मिटले डोळे. मग दर वर्षी तेच. बाहेर आले की आई विचारायची, म्हातारीनं स्वेटर घातला होता का, शिडी बदलली का, आणि मी सांगायची. ऐकताना आईचा चेहरा असा व्हायचा की धाकटा हातातला फुगा सोडून तिच्याकडे बघत राही.

आमच्या घरात मग ती म्हातारी राहायलाच आली. कोणाच्या हातून पेला पडला, वाटी पडली की आई रागवायची नाही, म्हणायची, "म्हातारीचा हात थरथरला वाटतं." सहा वर्षांपूर्वी बाबा गेले. धाकटा परत त्याच्या नोकरीच्या गावी गेला आणि घरात आम्ही दोघी उरलो. महिनाभर आम्ही कामापुरतं बोलत होतो. एक दिवस माझ्या हातून ताट निसटलं आणि स्वयंपाकघरभर खणखणत फिरलं. आतल्या खोलीतून आई म्हणाली, "आज तर अख्खं आभाळच सांडलंय म्हातारीनं." आणि आम्ही हसलो. महिन्यात पहिल्यांदा. नंतर दोघी रडलो ते निराळं.

पुढे दोन वर्षांनी मी इथं लागले. पहिल्या दिवशी पंपकाकांनी मला दिवे लावून अख्खी गुहा पायी फिरवली. पंपकाका म्हणजे आमचे पाण्याचे पंप सांभाळणारे. बावीस वर्षं तिथंच आहेत, मिशा पांढऱ्या झाल्यात आणि हात कायम ग्रीसनं काळे. लोकांना वाटतं प्लायवूड बघून माझा हिरमोड झाला असेल. छे! प्लायवूड असणार हे न कळायला मी काय कुक्कुलं बाळ होते? फळ्या, बल्ब, ताडपत्री सगळं बघून मी हसत होते. पण तिसऱ्या वळणावर आलो आणि मी म्हातारी शोधायला लागले. चौतीस वर्षांची बाई, आणि मी स्वतःच रचलेली म्हातारी शोधत होते! तिथं पाठीमागच्या कोनाड्यात एक शिडी होती. बरं का, शिडी खरंच होती. आणि शिडीच्या पायथ्याशी एक निळी बादली. वरच्या पाइपाचा जॉइंट गळत होता. टुप्.

"हा काही ऐकत नाही," काका जॉइंटकडे बघत म्हणाले. "किती वेळा आवळला. बादली भरली की मी ओततो."

त्या संध्याकाळी घरी गेले तर आई दारातच. "भेटली का गं म्हातारी?"

मी म्हटलं, "तिची आता दुसरी शिफ्ट असते." आई हसली. त्यानंतर मला सांगताच येईना. पूर्वी मला काही माहीत नव्हतं म्हणून तोंडाला येईल ते सुचायचं. आता सगळं माहीत झालं आणि जीभच आखडली. आई रोज विचारायची, "आज काय झालं गुहेत?" आणि मी म्हणायची, "काय होणार? पंप बंद पडला." किंवा "काही नाही." किंवा नुसतंच "दमलेय गं." चार वर्षं. हळूहळू तिनंही विचारणं कमी केलं. पार्काची नोकरी करून माझं काय बिघडलं म्हणाल तर हे बिघडलं.

पार्कात दर वर्षी 'घरच्यांचा रविवार' असतो. त्या दिवशी सकाळी दारं उघडायच्या आधी कामगारांच्या घरच्यांना सगळ्या राइडमध्ये फिरवतात. प्रत्येकाला दोन गुलाबी पास मिळतात. माझे पास मी दर वर्षी कोणाला तरी देऊन टाकायची आणि घरी चकार शब्द काढायची नाही. आई आत गेली तर तिसऱ्या वळणावर तिला काय दिसणार? काळी भिंत. तीस वर्षं जिच्यासाठी तिनं स्वेटरची काळजी केली ती म्हातारी तिथं नाही हे तिला कळणार, आणि लेक सात वर्षांची असल्यापासून थापा मारतेय हेही कळणार. मग पुढे कधी ताट पडलं तर ती काय म्हणणार? काहीच नाही. नुसतं ताट पडेल.

यंदा मी विसरले. युनिफॉर्म धुवायला टाकताना आईनं खिसे तपासले आणि पास तिच्या हाती लागले.

"हे काय गं?"

"काही नाही, ऑफिसचं."

"वाचता येतं मला," आई म्हणाली. "घरच्यांचा रविवार. मी घरची नाही का?"

"अगं, तुला गरगरतं ना!"

"गरगरू दे. आता मला एकदा आत जायचंय." आणि पास चष्म्याच्या डबीत ठेवून तिनं डबी खटकन मिटली. विषय संपला.

चार दिवस मला झोप नाही. बुधवारी मी पंपकाकांना गाठलं आणि सगळं सांगितलं, अगदी मिटलेल्या डोळ्यांपासून. कोणाला सांगत होते ते पहिल्यांदाच. काका बराच वेळ चिंधीनं हात पुसत राहिले.

"म्हणजे ती बादली," ते म्हणाले, "ती चांदण्यांची?"

"हसा तुम्ही."

"हसत नाही, ताई. बावीस वर्षं ओततोय मी ती. मला काय ठाऊक!"

बेत माझाच. वेशभूषेच्या खोलीतून पांढऱ्या केसांचा टोप आणायचा, माझाच जुना राखाडी स्वेटर घालायचा, आणि त्या कोनाड्यातल्या शिडीवर चढून उभं राहायचं. हातात काठी, काठीच्या टोकाला छोटा दिवा. आईची होडी आली की एकेका चांदणीला दिवा टेकवल्यासारखं करायचं. पाच सेकंदांचं काम. माझ्या काचेच्या खोलीत दुसरी मुलगी बसेल, आणि आईला होडीत काका सोबत करतील.

"कोनाड्यात उभं राहायला हरकत नाही," काका म्हणाले. "मीही बसतो तिथं. फक्त पट्टी सांभाळा. शिडीच्या खालीच आहे."

"काका," मी म्हटलं, "पट्टीचं तुम्ही मला सांगताय?"

रविवारी आई सकाळी सातलाच तयार. ठेवणीतले कपडे, केस चापूनचोपून बसवलेले, पर्स छातीशी. बाहेरच्या बाकापाशी आलो तशी ती थांबली आणि बाकावरून हात फिरवला. "रंग दिला वाटतं." मी म्हटलं, "आई, मला ड्युटी आहे, तू काकांबरोबर पुढच्या होडीत बस." काका तिला "या वहिनी, सावकाश" म्हणत घेऊन गेले. त्यांनी त्या दिवशी हात घासून पांढरे केले होते.

मी पाठीमागच्या दारानं कोनाड्यात शिरले. टोप घातला, स्वेटर घातला, शिडीच्या दुसऱ्या पायरीवर उभी राहिले. अंधार. धून सुरू झाली. जणू माझीच परीक्षा आहे. होतीच म्हणा. पहिल्या वळणावर देवमाशानं फुस्स केलं. पोरांच्या किंकाळ्या. मग दुसरं वळण. मग पाण्यावर होडीचं नाक दिसलं. मी काठी उचलली, दिवा लावला, हात थरथरवायची गरजच पडली नाही, आपोआप थरथरत होता.

होडी समोर आली. पुढच्या बाकावर काका, आणि काकांशेजारी आई. पर्स छातीशी घट्ट धरलेली. आणि डोळे मिटलेले.

नुसते मिटलेले नव्हेत, गच्च मिटलेले. कपाळाला आठ्या, ओठ आवळलेले, सात वर्षांच्या पोरीसारखे. काका तिला कोपरानं ढोसत होते, "वहिनी, बघा, बघा!" आणि ती मान हलवत होती. अहो, चार दिवस जीव टांगणीला लावून मी म्हातारी झाले, आणि ही बाई बघायलाच तयार नाही! माझं डोकंच फिरलं. "आई, डोळे उघड!" असं पुटपुटत मी शिडीवरून खाली पाऊल टाकलं, पुढे वाकले, काठी तिच्या तोंडासमोर न्यायला गेले.

खट्ट. होड्या थांबल्या. धून बंद. भक्कन सगळे दिवे लागले.

आणि मी, चार वर्षांच्या सवयीनं, त्या टोपासकट, घसा फाडून ओरडले, "कुठल्या गाढवानं पट्टीवर पाय ठेवला?"

मग मी खाली बघितलं. लोकां सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण! माझाच उजवा पाय पिवळ्या पट्टीच्या बरोबर मध्यभागी होता. पाठीमागच्या होडीत झाडलोटवाल्या मुली घरच्यांसकट बसल्या होत्या. त्यातली एक "पट्टीताई!" म्हणून किंचाळली आणि मग जे हसायला लागले सगळे, की होड्या हलायला लागल्या. लाउडस्पीकरवर आमच्या सुपरवायझर मॅडमचा आवाज आला, "तिसऱ्या वळणावर कोण आहे?" मी काय सांगणार, म्हातारी?

आईनं डोळे उघडले होते. पांढऱ्याफटक उजेडात ती सगळं बघत होती. वरचा पत्रा, पत्र्याची भोकं, भोकांतले बल्ब. डोंगरांच्या कडांवरून डोकावणाऱ्या फळ्या, त्यांवरचे खडूचे आकडे. आग विझवायचं लाल नळकांडं. मग तिची नजर माझ्यावर आली, टोपावर, स्वेटरवर, हातातल्या काठीवर. मला वाटलं, धरणी दुभंगावी आणि मी त्यात जावं. सगळं गेलं होतं. मी वाचवायला निघाले होते आणि मीच दिवे लावले होते.

"ही गं काय दशा करून घेतलीस?" आई म्हणाली.

हसणं हळूहळू थांबलं, आणि त्या शांततेत माझ्या पाठीमागे आवाज झाला. टुप्.

आईनं झटकन मान वळवली. बादलीकडे बघितलं, वर जॉइंटकडे बघितलं, पुन्हा बादलीकडे. "हीच का ती?"

"जॉइंट गळतो, वहिनी," काका अपराध्यासारखे म्हणाले. "मी आलो तेव्हापासून. ऐकतच नाही."

मॅडमनी होड्या सोडल्या, दिवे गेले आणि होडी वळणाआड गेली. मी अंधारात तिथंच बसले आणि त्या बादलीशेजारी ढसाढसा रडले. मॅडम नंतर मेमो देणार होत्या, तो दिलाही. पण तेव्हा मला मेमोचं काही वाटत नव्हतं.

बाहेर आले तेव्हा आई तिच्या बाकावर बसली होती. शेजारी माझ्यासाठी जागा ठेवून. पर्समधून पाण्याची बाटली काढून तिनं माझ्यापुढे धरली.

"आई," मी म्हटलं, "म्हातारी नव्हती. कधीच नव्हती. मी डोळे मिटायचे."

"ठाऊक आहे."

"काय ठाऊक आहे?"

"पहिल्याच दिवशी बाबा म्हणाले मला. तुझी लेक डोळे गच्च मिटून बसली होती, आणि बघ कशी तासभर सांगतेय!"

"मग तीस वर्षं मला विचारत काय होतीस? स्वेटर, शिडी?"

"अगं, तू सांगायचीस म्हणून!" आई वैतागली. माझा स्वभाव कोणाकडून आलाय ते अशा वेळी कळतं. "मला कुठं गुहा बघायची होती? मला गुहेचं काय करायचंय? बाकावर बसून मी तुझी वाट बघायची, तू कधी एकदा बाहेर येतेस आणि सांगतेस म्हणून. तुझे हात बघायचे मी, हवेत कसे चालायचे ते."

"आणि आज? आज मग आत आलीस आणि डोळे मिटलेस ते?"

आईनं बाटलीचं झाकण लावलं, काढलं, पुन्हा लावलं. "आले ते तुझ्यासाठी. चार वर्षं झाली, तू काही सांगत नाहीस. विचारलं तर 'काही नाही'. मला वाटलं, असं काय आहे त्या जागेत की माझ्या पोरीचं तोंड मिटलं? बघून तरी यावं. पण होडी वळली आणि मला भीती वाटली. म्हटलं, मी बघितलं तर तू सांगितलेलं पुसून जाईल. मग मिटले डोळे. तू मिटायचीस तसे."

आठव्या वर्षी तिसऱ्या वळणावर मला जे वाटलं होतं, ते ही बाई साठ उलटल्यावर मला सांगत होती, आणि ते मी तिला कधीच बोलले नव्हते.

"पुसलं का गं?" मी विचारलं. "दिवे लागल्यावर?"

आईनं जरा विचार केला. ती काही उगाच माझी समजूत काढणारी बाई नाही. "तू सांगायचीस ती म्हातारी मऊ होती," ती म्हणाली. "मघाची शिव्या देत होती. पण शिडीपाशी होती, स्वेटर होता, आणि हात थरथरत होता. मी बघितलंय."

मला हसू आलं आणि रडूही आलं, आणि दोन्ही एकदम आलं की माझं नाक लाल होतं. आईनं रुमाल दिला. समोरून घरच्यांची पोरंटोरं पळत होती आणि आतून ती धून ऐकू येत होती. एकशेएकाव्यांदा. बाकावरून ती तितकी वाईट वाटत नव्हती, हे मात्र कबूल करायला हवं.

"आता सांग," आई म्हणाली.

"काय सांगू? सगळं बघितलंस ना?"

"मी पाच मिनिटं बघितलं. तू चार वर्षं आहेस तिथं. रोज म्हणायचीस पंप बंद पडला, पंप बंद पडला. पडला तर पुढे काय झालं?"

"अगं, पंपाचं काय ऐकायचंय तुला?"

"ऐकायचंय," आई म्हणाली आणि पर्स मांडीवर ठेवून माझ्याकडे वळून बसली, तिच्या त्या जुन्या बसण्यात.

मग मी तो टोप काढून बाकावर ठेवला. म्हटलं, "बरं. गुहेच्या पोटात ना, तीन पंप आहेत. त्यातला मधला फार लबाड आहे. काका रजेवर गेले की त्याला बरोबर कळतं, आणि त्याच दिवशी..."

"थांब," आई म्हणाली. "तो दिसतो कसा, ते आधी सांग."